पणजोबाच्या वावराचे जुने कागद कसे काढायचे, आपल्या विदर्भापुरतं सांगतो

दोन वर्षांमागं पोळ्याला गावी गेलो होतो तर मोठेबाबांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली अन् माझ्यापुढं सरकवली. आत कापडात बांधलेलं गाठोडं, त्यावर उधईची माती, कागद असे की हात लावला की कोपरा हातातच यायचा. "तू शिकलेला हायेस, तूच पाय बापा हे, मले तं आतालोक काई समजलं नाई," म्हणे. मी म्हटलं दोन दिवसाचं काम आहे, सुट्टीत करून टाकतो. दीड वर्ष लागलं, अन् अजूनही एक वावर सापडायचंच आहे, त्याचं शेवटी सांगतो.

या दीड वर्षात किती चकरा फुकट गेल्या त्याचा हिशोब नाही, त्यातल्या अर्ध्या तरी फक्त कोणता कागद कुठं मागायचा हे माहीत नव्हतं म्हणून. तुमच्या चकरा वाचाव्या म्हणून लिहून ठेवतो. वकिली सल्ला समजू नका, मी वकील नाही, वाद चालू असेल तर वकिलाकडंच जा. हे ज्याला आपलं घर अन् आपलं वावर कुठून आलं ते पाहायचं आहे त्याच्यासाठी.

आधी हे पाहा की गाव नदीच्या कोणत्या अंगाला आहे

नदी म्हणजे वर्धा नदी. हे मला सहा महिन्यांनी कळलं, खरं तर पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं. आपण सगळे विदर्भ विदर्भ म्हणतो पण जमिनीच्या कागदाच्या हिशोबानं हे दोन वेगळे मुलूख होते. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. हा निजामाचा मुलूख, १८५३ च्या करारात इंग्रजांच्या हातात आला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला गेला अन् १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला. नदीच्या पूर्वेला नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, हा भोसल्यांचा मुलूख, तो १८६१ पासून मध्यप्रांत.

याचा आपल्याशी काय संबंध म्हणाल, तर सगळा संबंध आहे. वऱ्हाडात रयतवारी होती, मुंबई पद्धतीची मोजणी झाली, सर्वे नंबर पडले, अन् कास्तकार थेट सरकारात सारा भरायचा, म्हणून वऱ्हाडातल्या साध्या कास्तकाराचं नाव जुन्या कागदात खातेदार म्हणून थेट सापडते. नागपूरकडं मालगुजारी होती, गावाचा मालक मालगुजार, अन् तुमचा पणजोबा त्याच्या हाताखालचा कूळ, त्यामुळं त्याचं नाव मालकाच्या रकान्यात शोधाल तर सापडणारच नाही, कुळाच्या रकान्यात पाहावं लागते, अन् तिथंही मौरूसी म्हणजे वारसाहक्काचा कूळ आहे का, मालिक मकबुजा म्हणजे आपल्या तुकड्याचा स्वतः मालक आहे का, की मालगुजाराच्या सीर-खुदकाश्तमधलं, म्हणजे त्याच्या घरच्या जमिनीतलं, वावर नुसतं कसत होता, हे पाहावं लागते. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं अन् आजोळ वर्धा जिल्ह्यातलं, मधात पंधरावीस कोस, पण दोन्हीकडचे कागद समोर ठेवले तर वाटते दोन वेगळ्या देशातले आहेत. मामाकडच्या कागदावर "खसरा नं." म्हणजे वावराचा नंबर, "प.ह.नं." म्हणजे पटवारी हलका नंबर, "बंदोबस्त नं.", क्षेत्र एकर-डिसमिलमध्ये. आमच्याकडं "शेत सर्वे नंबर", एकर-गुंठे अन् जमाबंदी, म्हणजे कोणी किती सारा भरायचा त्याची नोंद.

राजुऱ्याकडचे असाल तर अजून वेगळं, तो तालुका हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ नंतर नांदेडात गेला अन् १९५९ मध्ये चांद्याला आला. तिकडचे जुने कागद उर्दूत निघू शकतात अन् साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुलाचं साल, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते.

अजून एक, जिल्हे फुटले ते ध्यानात ठेवा. गडचिरोली १९८२ ला चांद्यातून निघाला, वाशिम १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून. यवतमाळचं तर जुनं नाव वणी जिल्हा होतं. तुमच्या गावाचा जुना रेकॉर्ड आजच्या तहसिलीत नसेल तर "नाही आमच्याकडं" ऐकून घरी येऊ नका, आधीचा तालुका कोणता होता ते विचारा अन् तिकडं जा.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून, मग एकेक पायरी मागं

सगळ्यांची पहिली चूक हीच होते, माझीही झाली. थेट तहसिलीत जाऊन म्हणायचं की "साहेब, माझ्या पणजोबाचे कागद पाहिजे". तो माणूस तुमच्याकडं पाहते, तुम्ही त्याच्याकडं पाहता, अन् चहा पिऊन वापस. तिथं नावावर काहीच लावलेलं नसते, सगळं गावावर अन् नंबरावर असते.

म्हणून आजचा सातबारा घ्या. मोबाईलवर महाभूलेखवर फुकट दिसते, सहीचा पाहिजे असेल तर पंधरा रुपयात डिजिटल मिळते. सोबत आठ-अ काढा, त्यात एका खात्याखालची सगळी वावरं एका जागी दिसतात, एखादं विसरलेलं वावर असंच आठ-अ मध्ये सापडते. आता सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार नंबर लिहिलेले असतात, हाताच्या जुन्या सातबाऱ्यावर गोलात असतात, अन् जी नावं कमी झाली ती कंसात टाकलेली असतात. लोक कंसातली नावं वाचतच नाहीत, तुम्ही फक्त तीच वाचा, तुमचा सगळा इतिहास त्या कंसात आहे.

एकेक फेरफार नंबर वहीत उतरवा अन् तो फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा. त्यात लिहिलेलं असते की अमक्या तारखेला अमका मयत झाला, वारस हे हे, किंवा खरेदीखत अमक्या तारखेचं, किंवा वाटणी. तो फेरफार तुम्हाला त्याच्या आधीच्या माणसाकडं नेते, त्या माणसाच्या नावाचा आधीचा फेरफार अजून मागं. विहिरीत बादली सोडल्यासारखं आहे, दोर सुटू द्यायचा नाही, मधातला एक फेरफार सोडला की पुढं सगळं अंदाजावर चालते.

जुने स्कॅन केलेले सातबारे अन् फेरफार आता आपले अभिलेख म्हणून सरकारची साईट आहे तिथं दिसतात, जिल्हा तालुका गाव टाकून पाहा, पण माझा अनुभव असा की काही पानं आडवी, काही पुसट, अन् एक अख्खं वर्ष दुसऱ्याच गावाच्या नावाखाली होतं. नाही दिसलं तर नाहीच असं समजू नका, तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, असतो.

साधारण १९६७ च्या आधी गेलात की कागदाचं रूप बदलते. आजचा महसूल कायदा १९६६ चा आहे, लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ ला. त्याच्या आधी आपल्याकडं मध्यप्रदेशचा १९५४ चा महसूल कायदा चालायचा कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशातच होतो, राजधानी नागपूर. म्हणून त्या काळच्या कागदावर "मध्यप्रदेश शासन" दिसलं, रकान्यांची नावं हिंदीत दिसली तर घाबरू नका, कागद आपलाच आहे. या टप्प्यात सगळ्यात कामाचा कागद म्हणजे १९५४-५५ चं अधिकार अभिलेख. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडं तर तहसिलीत नुसतं "अधिकार अभिलेख" म्हटलं तरी बाबूला कळते. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, त्यानंतर कोणत्या वावराचा कोण धनी झाला ते याच्यात दिसते, पूर्ण हक्काचा भूमिस्वामी का कमी हक्काचा भूमिधारी ते लिहिलेलं असते. मामाच्या घरात तीन पिढ्या सांगत होते की वावर मालगुजारानं बक्षीस दिलं, कागदात निघालं की आजोबा कूळच होते अन् कायद्यानं मालक झाले. मामाला पटलं नाही, अजूनही बक्षीसच सांगतात, सांगू दे.

कुळाची भानगड असेल तर अजून एक तारीख लक्षात ठेवा, १ एप्रिल १९६१. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा वेगळा आहे, पश्चिम महाराष्ट्राच्या लोकांचं ऐकून १९५७ चा कृषकदिन, म्हणजे त्यांच्याकडं कुळं मालक मानली गेली तो दिवस, शोधत बसू नका. १९६१ च्या आसपासच्या फेरफारांमध्ये अचानक मालकाचं नाव जाऊन कसणाऱ्याचं नाव आलं असेल तर बहुतेक त्यातलं प्रकरण आहे, मग तहसिलीतून कुळकायद्याची केस फाईल मागा, तिच्यात जबाब असतात, अन् जबाबात माणसं बोलतात. भूदानात आलेलं वावर असेल तर तेही सातबाऱ्यावर लिहिलेलं असते.

त्याच्याही मागं जायचं तर पेरेपत्रक, जमाबंदी, हक्क नोंदणी, नागपूरकडं खसरा अन् बंदोबस्त मिसल, म्हणजे सारा ठरवताना झालेल्या मोजणीची फाईल. पेरेपत्रक वाचायला मला सगळ्यात जास्त मजा आली. कोणत्या साली कोणत्या वावरात काय पेरलं ते लिहिलेलं. आमच्या एका तुकड्यात वर्षामागं वर्ष कापूस, ज्वारी, कापूस, ज्वारी, मधात एक वर्ष नुसतं "पडीत". मोठेबाबाला विचारलं, म्हणे त्या साली बैल मेला होता असं बुढा सांगायचा. आता हे कोणत्या इतिहासाच्या पुस्तकात येणार आहे.

नंबर बदलतात, हे आधी समजून घ्या

तुमच्याकडं आजचा गट नंबर आहे अन् जुन्या कागदावर सर्वे नंबर, दोघांचा मेळ कसा घालायचा? ज्या गावात एकत्रीकरण झालं, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले, तिथं भूमिअभिलेखच्या ऑफिसात, आपण मोजणी ऑफिस म्हणतो तिथं, ९(३) ९(४) चा उतारा मागा. त्यात जुना नंबर अन् नवा गट समोरासमोर असते. एकत्रीकरण झालं नसेल तर सर्वे नंबर तोच चालत आला असेल, फक्त त्याचे हिस्से पडले असतील, १२/१, १२/२ असे, त्यासाठी फाळणी नकाशा, म्हणजे हिश्शांचा नकाशा, अन् आकारफोड, म्हणजे हिश्शावार सारा वाटल्याचा कागद. वावराचा आकार अन् मोजमाप पाहिजे असेल तर टिपण अन् गुणाकार बुक, म्हणजे क्षेत्राचा हिशोब मांडलेली वही. टिपण म्हणजे मोजणीदारानं जागेवर काढलेली हातची आकृती, वाकडेतिकडे धुरे म्हणजे बांध, साखळीची मापं. आमच्या टिपणात नाल्याचं वळण दाखवलं आहे, आज तो नाला तिथून वाहतच नाही.

मापाचं एवढं ध्यानात ठेवा की ४० गुंठ्याचा एकर, १०० डिसमिलचाही एकर, अन् एक हेक्टर म्हणजे १०० आर, साधारण अडीच एकराला थोडं कमी. कागदावर "५.२०" लिहिलं असेल तर आधी पाहा की हे एकर-गुंठे आहे, एकर-डिसमिल आहे, का हेक्टर-आर आहे. पाच एकर वीस गुंठे म्हणजे साडेपाच एकर, पाच एकर वीस डिसमिल म्हणजे पाच एकराला थोडं वर, अन् हेक्टर समजलात तर तेरा एकराचे जमीनदार होऊन बसाल. माझ्या एका भावानं हेच केलं, आठ दिवस "आपलं वावर कोणीतरी हडपलं" म्हणून सगळ्या खानदानात फोन. हिस्सा आण्यात लिहिलेला असते, १६ आणे म्हणजे अख्खं, ५ आणे ४ पै म्हणजे तिसरा हिस्सा, कारण १२ पैचा आणा.

शॉर्टफॉर्म

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पाया पडलो असतो. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा. "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बेवा" म्हणजे अमक्याची विधवा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, मालक लहान पोरगं आहे अन् त्याच्या वतीनं माय किंवा काका सही करते. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं असलं तरी वावर सगळ्या भावांचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, यावरूनच अर्ध्या गावात डोकी फुटली. "सा. देह" म्हणजे राहणार त्याच गावचा. "पो.ख." पोटखराबा, म्हणजे वावरातला पिकाला न येणारा भाग. "मौजा रिठी" किंवा "रिठ" लिहिलं असेल तर ते गाव उजाड झालेलं, शिवार आहे पण वस्ती नाही, अशी गावं आपल्याकडं पुष्कळ आहेत अन् तिथलं वावर असेल तर रेकॉर्ड त्या रिठाच्या नावानं वेगळं शोधा, राहत्या गावाच्या बस्त्यात सापडणार नाही.

बेवा हा शब्द आमच्या कागदात पहिल्यांदा दिसला तेव्हा कळलं की पणजोबा गेल्यावर नऊ वर्षं वावर पणजीच्या नावानं होतं. घरात कोणीच कधी सांगितलं नव्हतं. पोरं लहान, अन् बाईनं एकटीनं सारा भरला, पेरेपत्रकावर तिचंच नाव, त्या नऊ वर्षात वावर एकदाही पडीत नाही.

पोरींची नावं मात्र जुन्या वारस फेरफारात शोधू नका, बहुतेक नाहीतच. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, अन् वडिलोपार्जित वावरात मुलीला मुलासारखा हक्क मिळाला तो महाराष्ट्रात आधी १९९४ च्या दुरुस्तीनं, तोही तोवर लग्न न झालेल्या पोरींना, अन् सगळ्या पोरींना ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं. म्हणून फेरफारात "वारस मुलं तीन" लिहिलं असलं तरी घरात सहा लेकरं असू शकतात. पोरी शोधायला कोतवाल बुक पाहा.

कोतवाल बुक, शाळा, अन् जुनी माणसं

कोतवाल पंजी म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद, नंतर तेच गाव नमुना चौदा. तहसिलीत मिळते. त्यात बापाचं नाव, जात, लेकरू मुलगा का मुलगी, तारीख. आमच्या गावचं १९१८ चं पान उघडलं तर पावसाळा संपल्यानंतर एका पानावर मावत नाहीत इतके मृत्यू, कारणाच्या रकान्यात नुसता "ताप". मानमोडीची, म्हणजे इन्फ्लूएंझाची, साथ होती ती. त्याच पानावर पणजोबाचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतरानं. वंशावळीत त्या दोघांच्या पुढं रेघ का नाही ते तिथं उमगलं.

शाळेचं दाखल खारीज रजिस्टरही पाहा, हेडमास्तरांना नीट विनंती केली तर दाखवतात, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत बरंच मागंपर्यंतचं असते. फक्त जन्मतारखेवर डोळे झाकून भरवसा नको, अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जुलै आहे, मास्तरच्या सोयीची. वहीवाले भाट, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारे, तुमच्या गावात येत असतील तर त्यांच्याकडून पिढ्यांची नावं लिहून घ्या, नाशिक-त्र्यंबकला घरातलं कोणी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत नोंद असते. पण भाट पराक्रम फार सांगते, तेवढं नावापुरतंच घ्या.

अन् जुनी माणसं. हे काम आधी करा, कागद कुठं पळून जात नाहीत पण माणसं जातात. पोळ्याच्या करीच्या दिवशी सगळे घरी असतात, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा अन् बसा. "आपला इतिहास सांगा" म्हणू नका, असं विचारलं की म्हातारे गप्प होतात. वावरांची नावं विचारा. आमच्याकडं नाल्याचं वावर, माळाचं वावर, चिचेचं वावर, इजाऱ्याचं वावर. विहीर कोणी खोदली, किती हातावर पाणी लागलं, धुऱ्यावर कोणतं झाड होतं, शेजारी कोण होता. मग हे नाव अन् सर्वे नंबर गावच्या नकाशावर पेन्सिलनं जुळवा. इजारा हा शब्द ऐकला की थांबा, वऱ्हाडात पडीत माळ वहितीत आणायला सरकारनं इजाऱ्यानं दिले होते, त्यामुळं त्या नावाच्या वावराचा कागद कदाचित वेगळ्याच नावानं असेल.

साल विचारू नका, "पोटाला काय खाल्लं" ते विचारा. बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना आठवते. बायांना विचाराल तर त्या लेकराच्या जन्मावरून साल काढतात अन् बिनचूक काढतात. माझी आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे, तिनं जे एका दुपारी सांगितलं ते मला तहसिलीत चार महिन्यांत मिळालं नव्हतं.

माझी चूक, ती तुम्ही करू नका

चार महिने मी भलत्याच माणसाच्या मागं होतो. पणजोबाचं नाव अन् त्याच्या बापाचं नाव, दोन्ही तंतोतंत, गावही तेच, ३१ एकर जमीन. मी तर घरी जाहीरच करून टाकलं की आपण मोठे खातेदार होतो. मोठेबाबा खूश. पुढं पेरेपत्रकात दिसलं की त्याच साली त्याच नावाचा अजून एक माणूस आहे, दुसऱ्या सर्वे नंबरावर, ९ एकर. आमचा हा दुसरा. त्या काळात आजोबाचं नाव नातवाला ठेवायचे, भावाभावात तीच नावं फिरायची, एका गावात एका नावाचे दोन तीन जण असणारच. तेव्हा नावावर जाऊ नका, नंबरावर अन् धुऱ्याच्या शेजाऱ्यावर जा. खरेदीखतात चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला. शेजारी जुळला तर माणूस जुळला.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. पेटीतलं एक मोडीतलं खत मी चांगलं राहावं म्हणून बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणलं. गरम रोलरमधून निघालं तेव्हा शाई एका बाजूनं पसरलेली, अन् आता ते सोडवताही येत नाही. जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, घडी नको. सपाट फाईलमध्ये, प्रत्येक कागदामधात कोरा कागद, पेटी भिंतीपासून अन् जमिनीपासून वर. हात लावायच्या आधी उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सावली पडू देऊ नका, अन् फोटोला नाव देताना गाव, नंबर, साल असंच द्या, "नवीन फोटो २३" असं ठेवलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

मोडी वाचता येत नसेल तर पुराभिलेख खात्याचे मोडी लिपीचे वर्ग भरतात, ते करा किंवा वाचणारा जाणकार पाहा. मोडीवाल्याला सगळं गाठोडं देऊ नका, फोटो द्या.

रजिस्टर ऑफिस, अन् सावकार

वावर फेरफारात अचानक दुसऱ्याच्या नावावर गेलं, कारण कळत नाही, तर सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात जा. तिथं सूची क्रमांक दोन असते, सगळे इंडेक्स टू म्हणतात, गावावार अन् नंबरावार दस्तांची यादी. फी भरून शोध घेता येतो, मग दस्ताची नकल मागता येते. अलीकडचं ऑनलाईन ई-सर्चवर मिळून जाते, जुन्यासाठी ऑफिसातच बसावं लागते.

वऱ्हाडातल्या इंडेक्समध्ये एकामागं एक गहाणखतं दिसतील, मन खट्टू होते पण हेही समजून घ्यायला पाहिजे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडच्या दक्षिणेचा कापूस विलायतेला जाणं बंद पडलं अन् आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. लढाई संपली, भाव खाली आला, पण सारा अन् सावकाराचं व्याज काही खाली आलं नाही. पुढं १८९६-९७ अन् १८९९-१९०० चे दोन दुष्काळ पाठोपाठ. १९२९ नंतरच्या मंदीत कापूस पुन्हा पडला. इंडेक्सची पानं उलटताना मी सालं मांडली तर आमच्या गावची गहाणखतं याच सालांच्या मागंपुढं जास्त, म्हणजे माझा पणजोबा उधळ्या होता असं जे घरात बोललं जायचं ते काही खरं नाही, अख्खं गावच बुडालं होतं. गहाणखत दिसलं की त्याच्या पुढच्या वीस वर्षांत गहाण सुटल्याचा दस्त आहे का ते शोधा. अन् "मुदत खरेदी" लिहिलं असेल तर खरेदी समजू नका लगेच, पैसे फेडले तर वावर वापस अशी बोली असायची, बहुतेक वेळा ते गहाणच.

ऑफिसात कसं वागायचं

पटवाऱ्याला आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बोलताना साहेबच म्हणा. सोमवारी अन् बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पेरणी-पंचनाम्याच्या दिवसात तर अजिबात नको, ते स्वतःच हैराण असतात. नकलेचा अर्ज लेखी द्या, गाव, नंबर, साल, कागदाचं नाव, एवढं स्पष्ट. "सर्व जुने कागद मिळावे" असा अर्ज म्हणजे तुमच्याच हातानं फेटाळून घेणं. पोच घ्या, तिकीट लावा, अर्जाचा फोटो काढा. एका ऑफिसात मला तीनदा "बस्ता सापडत नाही" सांगितलं, चौथ्यांदा मी माहिती अधिकारात दहा रुपयाचं तिकीट लावून विचारलं की हा बस्ता कोणत्या तारखेला कोणाकडं गेला, अन् बस्ता सापडला. पण हे शेवटचं हत्यार आहे, पहिल्या दिवशी काढलं तर बाबू कायमचा दुश्मन होते. रेकॉर्ड रूममधल्या शिपायाशी गोड बोला, कोणता बस्ता कोणत्या रॅकवर ते साहेबाला माहीत नसते, त्याला असते.

आजच्या सातबाऱ्यात नाव चुकलं असेल, हाताच्या सातबाऱ्यावरून कॉम्प्युटरवर चढवताना क्षेत्र कमी झालं असेल, तर जुन्या सहीच्या नकला लावून तहसीलदाराकडं कलम १५५ खाली अर्ज करता येते, ती लिहिण्यातली चूक दुरुस्त करायची सोय आहे. मालकीचा वाद त्यातून सुटत नाही.

आता ते राहिलेलं वावर. चिचेचं वावर. घरात सगळ्यांना नाव माहीत, जागा कोणालाच नाही. आत्या म्हणे, "ते तं बाबाच्या बहिणीच्या लग्नात गहाण टाकलं होतं, चिच आमचीच होती पण चिचा दुसरा कोणी न्यायचा." इंडेक्समध्ये गहाणखत सापडलं, १९३१ चं, सर्वे नंबरासकट. सुटल्याचा दस्त नाही. पेरेपत्रकात मात्र १९३८ पर्यंत कसणारा म्हणून आमच्याच घरचं नाव, अन् पुढच्या साली तो नंबरच दोन हिश्शात फुटलेला, दोन्ही नावं अनोळखी. मागच्या आठवड्यात मोजणी ऑफिसात त्या नंबराच्या टिपणाचा अन् फाळणीचा अर्ज टाकला. पंधरा दिवसांनी या म्हणाले. मोठेबाबा म्हणते टिपणात चिच दाखवली असंल तं मलेबी घेऊन चाल, जागा तं पाहू.